सात शिलिंगांचें जेवण

शिक्षणासाठीं परदेशीं गेलेला विद्यार्थी सुटींत चार प्रसिद्ध स्थळें पाहून येतो आणि पुढें संसाराच्या रगाड्यांत तीं विसरूनहि जातो. परंतु अशाच एका आठवड्याच्या प्रवासाची हकीकत एक विद्यार्थी पन्नाशी ओलांडल्यावर लिहावयास बसला. त्या वेळीं त्याला नेमकें काय आठवलें, हें पाहण्यासारखें आहे.

मोहनदास करमचंद गांधी १८८८ च्या सप्टेंबरांत बॅरिस्टरीसाठीं मुंबईहून विलायतेस निघाले. पुढील वर्षीं पॅरिस येथें फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त मोठें प्रदर्शन भरलें. (आत्मकथेंत साल १८९० असें पडलें आहे, प्रदर्शन मात्र १८८९ च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांतलें. स्मरणानें लिहितांना एवढा फरक कोणाचाहि होतो.) तेथें शाकाहारी खाणावळ असल्याचें ऐकलेलें होतें, तिच्यांतच खोली घेऊन गांधीजी सात दिवस राहिले. हातांत नकाशा आणि बहुतेक सारें फिरणें पायीं. प्रदर्शनाचा अफाट पसारा एवढेंच काय तें पुढें लक्षांत राहिलें. जत्रेचें असेंच होतें!

गुस्ताव्ह आयफेल यांनीं सव्वादोन वर्षांत उभारलेला, सुमारें एक हजार फूट उंचीचा लोखंडी मनोरा मात्र त्यांना चांगला आठवत होता. त्यावर ते दोन-तीन वेळां चढले. पहिल्या मजल्यावर उपाहारगृह होतें. 'इतक्या उंचावर जेवलों' असें सांगतां यावें, एवढ्याचसाठीं त्यांनीं तेथें सात शिलिंग उडविले. पुढें लंडनमध्यें याच तरुणानें जेवणाचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंगावर आणला. त्या हिशेबानें हें पांच दिवसांहून अधिक दिवसांचें अन्न झालें. ही फजिती त्यांनीं स्वतःच नोंदवून ठेविली आहे. मनोऱ्याला टॉलस्टॉयनें माणसाच्या मूर्खपणाचें स्मारक म्हटलें होतें. गांधीजींनींहि त्याला प्रदर्शनांतलें खेळणें ठरविलें. हा निकाल जरा कडक वाटतो. वीस वर्षांच्या मुदतीनें उभा केलेला हा मनोरा वांचला, तो बिनतारी संदेशांच्या कामीं आला म्हणून. १९२२ मध्यें तर त्यावरून नभोवाणीचे कार्यक्रमहि होऊं लागले होते. नभोवाणीवर त्याला नुसतें खेळणें म्हणणें जड जातें.

पण मन खरें गुंतलें तें जुन्या चर्चांत, आणि विशेषतः नोत्र दामच्या मंदिरांत. ११६३ सालीं बांधावयास घेतलेलें तें प्रचंड मंदिर, आंतील शिल्पें आणि शांतता हीं त्यांना कधीं विसरतां आलीं नाहींत. यांत एक आश्चर्य आहे. राजकोटला शाळेजवळ मिशनरी उभे राहून हिंदूंची व त्यांच्या देवतांची निंदा करीत. त्यामुळें ख्रिस्ती धर्माविषयीं त्यांच्या मनांत लहानपणींच तिटकारा बसला होता. बरें, घरची वैष्णव हवेलीहि तिच्या थाटमाटामुळें त्यांना रुचली नव्हती. येथें तर थाट कितीतरी मोठा! तरीहि, ज्यांनीं अशा मंदिरांवर एवढें द्रव्य खर्चिलें त्यांच्या अंतःकरणांत ईश्वराविषयीं प्रेम असलेंच पाहिजे, असें या वीस वर्षांच्या आंतबाहेरच्या मुलाला वाटलें.

कशानें वाटलें? बाहेर पॅरिसचा छानछोकीचा गलबला चालूच होता. आंत पाऊल टाकतांच माणसाची वागणूक बदलत होती. मेरीच्या मूर्तीपुढें गुडघे टेकून बसलेल्या भक्ताजवळून जाणारा मनुष्यहि अदबीनें जात होता. हे लोक संगमरवर पूजीत नाहींत, त्यांत कल्पिलेल्या देवत्वाला नमतात, अशी त्यांची भावना झाली; आणि ती पुढें वाढतच गेली, असें ते लिहितात. वादविवादानें जें झालें नसतें, तें केवळ एका अनोळखी माणसाला प्रार्थना करतांना पाहून झालें.

१५ एप्रिल २०१९ रोजीं या मंदिराला आग लागली. छप्पर जळालें, शिखर कोसळलें. त्या रात्रीं जवळच्या रस्त्यांत कित्येक लोक गुडघे टेकून प्रार्थना म्हणत होते. दुरुस्ती होऊन डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर पुन्हां उघडलें.