सुटीतील मूल आणि शेजार



व्याख्यानमालेचे हे दिवस म्हणजे परीक्षा संपून मुले मोकळी होण्याचे दिवस. मुलांना सुटी असते, आईबापांना नसते. तेव्हा दिवसभर मूल कोणाच्या हवाली करावयाचे, हा प्रश्न गिरगावापासून लालबागपर्यंत बिऱ्हाडोबिऱ्हाडी उभा राहतो.

गिरणगावाने तो आपल्या परीने सोडविला होता. काही मुलांची रवानगी कोकणात किंवा घाटावर आजीकडे होई. मागे राहत ती चाळीच्या हवाली. मुले सांभाळण्याचे काम चाळीत कोणा एकाला नेमून दिलेले नव्हते, म्हणूनच ते सर्वांचे होते. जिन्याच्या तोंडाशी तांदूळ निवडीत बसलेल्या काकू परक्या माणसाला "कोण पाहिजे?" असे विचारल्यावाचून वर जाऊ देत नसत. चाळीचे गोडवे आम्ही गाणार नाही. एका खोलीत दहा माणसे आणि नळावरची भांडणे ज्यांनी सोसली, त्यांना ते पटावयाचेही नाहीत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कित्येक चाळींच्या जागी टॉवर आले. आता खाली पहारेकरी वहीत नाव लिहून घेतो. पण मूल कोणाचे, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

3 मे 2007 रोजी पोर्तुगालमधील प्राया द लूझ येथे सुटीवर गेलेल्या ब्रिटिश डॉक्टर दांपत्याची मुलगी, मॅडेलिन मॅकॅन, निजल्या खोलीतून नाहीशी झाली. तिला चार वर्षे पुरी व्हावयाची होती. आईबाप जवळच्याच उपाहारगृहात मित्रांसह जेवत होते, मधूनमधून उठून मुलांना पाहून येत होते. पुढे जगाने त्यांना नाही नाही ते बोल लावले. मूल सापडण्याच्या कामी त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

परदेशाचे राहू द्या. आपल्याच मुंबईत, अंधेरीला, 22 जानेवारी 2013 रोजी सात वर्षांची एक मुलगी भावाबरोबर शाळेला निघाली आणि हरवली. डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे 2008 ते 2015 या काळात 166 मुली हरवल्याची प्रकरणे होती. 165 सापडल्या, राहिली ती हीच. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी तिचे छायाचित्र जवळ बाळगून हिंडत राहिले. 4 ऑगस्ट 2022 रोजी ती सापडली. कोठे? घरापासून सुमारे पाचशे मीटरवर! आणि काय करीत होती? दुसऱ्याचे मूल सांभाळीत होती! तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा 2013 चे पत्रक मिळाले. त्यावर पाच दूरध्वनी क्रमांक होते. चार बंद पडले होते. पाचवा लागला, तो एका शेजाऱ्याचा.

पोलीस चोवीस तासांपूर्वी तक्रार घेत नाहीत, या समजुतीने अजूनही माणसे घरोघर विचारीत बसतात. ती समजूत सोडावी. मूल हरवल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्येच दिला आहे. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक तर 1996 मध्ये याच मुंबईत सुरू झाला. मामाच्या गावी निघण्यापूर्वी किंवा विसर्जनाला चौपाटीवर जाताना मुलाच्या खिशात चिठ्ठी घालाल, तेव्हा तीवर आईबापांच्या क्रमांकाखाली शेजारच्या बिऱ्हाडाचाही लिहावा. मात्र त्यासाठी आधी शेजारचे दार ठोठावून तो मागून घ्यावा लागेल.