डिझेल-इंजिनाचा उच्छ्वास

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणारा रस्ता आमच्या मोहाडीवरून जातो. हंगामांत धानाचे ट्रक त्यावरून रात्रंदिवस धांवतात. त्यांचा काळा धूर सर्वांस दिसतो. परंतु त्याबरोबर न दिसणारा नत्रप्राणिद वायुही बाहेर पडतो. हवेंतील नत्रवायु एरवीं निरुपद्रवी. पण इंजिनांत ज्वालेची उष्णता सुमारें १५०० अंशांवर गेली कीं तो प्राणवायूशीं संयोग पावतो. पुढें उन्हांत त्यापासून ओझोन बनतो. तो फुफ्फुसांस बाधतो आणि भाताचें उत्पन्नही घटवितो.

यावर उपाय असा कीं, जळून आलेल्या धुराचा कांहीं भाग थंड करून पुन्हां इंजिनासच हुंगावयास द्यावयाचा. त्यांत प्राणवायु थोडा, म्हणून जाळ मंदावतो. मात्र मंद जाळानें काजळी वाढते. अर्धवट जळलेल्या तेलाच्या वाफा थंड नळ्यांवर गोठून काजळीस डांबरासारख्या चिकटवितात. झडप अडकते, गाडीची ओढ कमी होते. मग रस्त्यावरचा मिस्त्री पत्रा बसवून ती वाटच बंद करतो! त्यास दोष देणें सोपें आहे. पण गाडी अडली म्हणजे ट्रकवाल्याचें भाडें बुडतें. गाडी धांवूं लागते खरी. विष मात्र गांवावर सुटतें.

म्हणून कांहीं इंजिनांत धूर थंड होण्यापूर्वींच त्यास प्लॅटिनम अथवा पॅलेडियम यांचा लेप दिलेल्या जाळींतून नेतात. हे धातु उत्प्रेरक होत. म्हणजे स्वतः खर्ची न पडतां ते रासायनिक क्रिया घडवून आणतात. वर्गांत प्राणवायु तयार करतांना पोटॅशियम क्लोरेटमध्यें आम्ही मँगॅनीज डायऑक्साइड मिसळीत असूं, तें याच कामासाठीं. आमच्या शेजारच्या तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग येथें तें खनिज निघतें, हें मुलांस सांगतांना मला नेहमीं आनंद वाटे.

या जाळींत तेलाच्या वाफा जळून जातात. काजळी बहुतेक तशीच राहते, पण कोरडी; तिचा चिकटपणा जातो, आणि खरें दुखणें तेंच होतें. उत्प्रेरकास गंधक सोसत नाहीं. भारतांत १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणली आहे. भेसळीच्या तेलास अर्थातच ही हमी नाहीं. शिवाय सुमारें २०० अंशांखालीं ही जाळी जवळजवळ निजलेलीच असते. धानाचीं पोतीं चढेपर्यंत तासभर इंजिन उगीच चालूं ठेवलें, तर धूर तितका तापत नाहीं आणि नळ्या पुन्हां चिकटूं लागतात.