दगड, तेल आणि सिलॉक्सेन



मुंबईच्या नायगावात रसायनशास्त्रावर बोलायचे तर उदाहरणांसाठी लांब जायला नको. इथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या. नायगावात त्यांच्या 42 इमारती होत्या. त्या काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या सिमेंटचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कॅल्शियम सिलिकेटांचा असतो. पलीकडे स्प्रिंग मिल ही कापडगिरणी होती. आज तिच्या जागेवर टॉवर आहेत, आणि अशा घरांत न्हाणीघराच्या फटी बुजवायला सिलिकोनचा सीलंट वापरतात. भिंत दगडासारखी, सीलंट रबरासारखा. पण दोन्हींत जोड एकच आहे, सिलिकॉन, मध्ये ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन. या जोडाला सिलॉक्सेन बंध म्हणतात. आजचा विषय तोच.

एकच जोड इतकी वेगवेगळी रूपे कशी घेतो? सिलिकॉनच्या अणूला चार हात आहेत असे समजा. त्यांतल्या किती हातांत ऑक्सिजन आहे यावर सारे ठरते. चारही हातांत ऑक्सिजन असेल आणि प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरून असेल, तर चहूबाजूंनी घट्ट जाळे तयार होते. ती आपली गारगोटी. तीन हातांत असेल तर कडक रेझिन. दोनच हातांत असेल तर लांब साखळी होते, तिचे तेल किंवा रबर बनते. एकाच हातात असेल तर साखळी तिथे संपते. रसायनशास्त्रज्ञ या चार अवस्थांना क्यू, टी, डी आणि एम अशी अक्षरे देतात.

रिकाम्या हातांवर बहुधा मिथिल, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट असतो. अशा कार्बनी गटांच्या संयुगांना सिलॉक्सेन म्हणतात, आणि लांब साखळ्यांना पॉलिसिलॉक्सेन. गारगोटीत किंवा सिमेंटमध्ये बंध तोच असला, तरी त्यांना आपण सिलिका आणि सिलिकेट म्हणतो.

मग ‘सिलिकोन’ कुठून आले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग काम करीत होते. आपल्या संयुगाचे सूत्र त्यांना कार्बनच्या कीटोनसारखे दिसले, म्हणून त्याच धर्तीवर त्यांनी नाव पाडले. पण सिलिकॉन ऑक्सिजनशी कीटोनसारखा दुहेरी बंध सहजी टिकवत नाही. तो साखळी करतो. रचनेच्या दृष्टीने नाव चुकले, तरी बाजारात तेच राहिले. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले ते 1940 मध्ये अमेरिकेत यूजीन रॉको यांनी तांब्याच्या मदतीने सिलिकॉन आणि मिथिल क्लोराइडची थेट अभिक्रिया साधली तेव्हा.

कापडधंद्यात या रसायनाच्या दोन्ही टोकांचे काम पडते. हायड्रोजन पेरॉक्साइडने कापड पांढरे करताना पाण्यातले लोखंड, तांबे पेरॉक्साइडचे विघटन घाईने घडवून आणतात. ते आवरायला सोडियम सिलिकेट घालतात. पण सिलिकेटचा थर रोलरवर आणि धाग्यावर बसला की कापड खरखरीत लागते. पुढे फिनिशिंगमध्ये कापड मऊ करायला बरेचदा अमिनो-सिलिकोन वापरतात. म्हणजे खरखर आणि मऊपणा, दोन्हींच्या मुळाशी सिलिकॉन-ऑक्सिजनच. फरक मोकळ्या हातांवरच्या गटांचा. मिथिल गट पाण्याला दूर ठेवतात, आणि साखळी सहज वाकते, म्हणून धागे एकमेकांवरून घसरतात.

आता घरातल्या बाटल्यांकडे वळू. शाम्पूवर ‘डायमेथिकोन’ लिहिलेले असते; ते डी जातीच्या दुव्यांचे तेल. पोटातल्या गॅसच्या गोळीतले ‘सिमेथिकोन’ म्हणजे तेच तेल, त्यात थोडी सिलिका. ते पोटातला फेस मोडते. ‘सायक्लोपेंटासिलॉक्सेन’ हे नाव तुकडे करून वाचा: सायक्लो म्हणजे वलय, पेंटा म्हणजे पाच, सिलॉक्सेन तर आता ओळखीचे. पाच डी दुव्यांचे वलय, म्हणून डी-5. युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-4 आणि डी-5 यांचे प्रमाण 31 जानेवारी 2020 नंतर 0.1 टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितले, कारण ही वलये पर्यावरणात लवकर मोडत नाहीत. हे बंधन त्या विशिष्ट वलयांवर आहे, सगळ्या सिलिकोनांवर नाही.

धुळीची गोष्ट याहून गंभीर आहे. स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षे गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ओट्यासाठी जो कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ दगड विकतात, त्यात सिलिकाचे प्रमाण 90 टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ओटा कापणारा कारागीर अनेकदा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच कटर चालवतो. त्या रुमालाने ही धूळ अडत नाही. पाणी सोडून कापणे, धूळ ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क, तिन्ही हवीत.

तेव्हा ‘सिलिकॉन चांगले की वाईट’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. सिलिकॉनच्या किती हातांत ऑक्सिजन आहे, उरलेल्या हातांवर काय आहे, आणि ते आपल्यापर्यंत तेल होऊन येते की धूळ होऊन, एवढे विचारावे. बाटलीबाबत ते विचारायला आपल्याला सवड असते. ओटा बसवून घेताना मात्र कारागिराच्या वतीने ते आपणच विचारले पाहिजे, आणि पाणी सोडून कापायला जो जादा वेळ लागेल, त्याचे पैसे कबूल केले पाहिजेत.