ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला अभ्यासवर्गाला बोलावले की तो महागाई, अंदाजपत्रक, फार तर शेतमालाचे भाव यांवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज गावातल्या लहान सार्वजनिक ग्रंथालयांविषयी बोलणार आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय सहसा शेवटी येतो आणि वेळेअभावी गळतो. त्याला मीही जबाबदार आहे, म्हणून आरंभ माझ्यापासूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. हार, नारळ, दीपप्रज्वलन, माझे पाऊण तासाचे भाषण असे सर्व यथासांग झाले. गाडीत बसताना वाचनालयाचे अध्यक्ष खिडकीशी आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, "सर, भाषण उत्तम झालं. एकच विचारायचं राहिलं. माझ्यामागं ही किल्ली कोणाकडं देऊ?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी "बघू, काहीतरी करू" असे म्हणालो आणि गाडी सुटली.

अशा तीस-चाळीस ग्रंथालयांत मी आजवर बोललो असेन. एकाही ठिकाणी मी देवघेवीची वही उघडून पाहिली नव्हती. समारंभाला गेलो म्हणजे ग्रंथालय पाहिले, अशी माझी समजूत होती. समारंभाच्या दिवशी ग्रंथालय बंदच असते, हे साधे सत्य ध्यानात यायला इतकी वर्षे लागली.

दोन महिन्यांनी मी त्याच गावी न कळवता, आठवड्यातल्या एका साध्या संध्याकाळी गेलो. ग्रंथपाल बाईंनी पाचला दार उघडले. दोन वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्रे चाळीत होते. तीन मुली पोलीस भरतीचा अभ्यास करीत होत्या. घरी एकच खोली आणि तीत दूरदर्शन संच, म्हणून त्या येथे येतात. एक सून सासूबाईंची कादंबरी बदलून घेऊन गेली. 'हल्ली कोण वाचतो?' असे आपण सभांतून म्हणतो. त्या दोन तासांत मी अकरा माणसे मोजली.

ग्रंथपाल बाई दिवसा शिलाईचे काम करतात. त्यांना काय मिळते, याचा हिशेब मांडू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात आणि वर्गानुसार वार्षिक अनुदान मिळते. गावातल्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान २०१२ पासून वर्षाला ३०,००० रुपये होते. पुढची दहा वर्षे ते तसेच राहिले. भाववाढ मात्र थांबली नाही. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली आणि आकडा ४८,००० वर गेला. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि दुरुस्ती. शेतमजुराच्या किमान वेतनाबद्दल मोर्चे काढणाऱ्या आपल्या चळवळीने या दोन हजारांबद्दल किती वेळा आवाज उठवला? ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षे करीत आहेत. त्यांच्या धरण्यावर आपले किती कार्यकर्ते दिसले?

येथे कोणी म्हणेल, ग्रंथालय चालविणे हे शासनाचे काम. आपण देणग्या गोळा करून शासनाला सुटका का द्यावी? आक्षेप बिनतोड वाटतो, पण इतिहासाचा दाखला वेगळा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथे गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. गावाचा एक रुपया तीन रुपये होऊन परत येई. शिवाय गावाने पैसे घातल्यामुळे ग्रंथालय गावाचे राही. लोकवर्गणीने शासनाची जबाबदारी कमी होत नाही. हिशेब मागण्याचा लोकांचा अधिकार वाढतो.

दुसरा दाखला केरळचा. १९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी त्रावणकोरमधील सत्तेचाळीस ग्रंथालयांच्या प्रतिनिधींना अंबलप्पुळा येथे एकत्र आणले आणि ग्रंथशाला संघम स्थापन केला. हा माणूस पेशाने शिक्षक. पुढे आयुष्यभर तो गावोगाव हिंडला. लहान ग्रंथालयांना त्याने पुस्तके मिळवून दिली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकमेकांची ओळख करून दिली. साक्षरतेच्या कामासाठी या संघाला १९७५ मध्ये युनेस्कोचे क्रुप्स्काया पारितोषिक मिळाले. १९८९ मध्ये केरळने कायदा केला; त्यात ग्रंथालयांसाठी उपकर आहे आणि ग्रंथालयांनी निवडून दिलेल्या परिषदा आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. म्हणून आपले ग्रंथालय दर वर्षी अंदाजपत्रकाच्या आणि हप्त्यांच्या तोंडाकडे पाहत बसते. ही राजकीय मागणी आहे आणि ती आपणच केली पाहिजे. पण ज्याने कधी ग्रंथालयाची पायरी चढली नाही, त्याच्या तोंडी ती पोकळ वाटेल.

आपल्या बाजूचे दोषही झाकू नयेत. २०१२ मध्ये राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी त्रुटी आढळल्या. काही ग्रंथालये कागदावरच होती. त्यानंतर दीर्घकाळ नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळाली नाही आणि जुन्यांची वर्गवाढही अडली. लबाडी काहींनी केली, शिक्षा प्रामाणिकांना झाली. गावातले चार लोक महिन्यातून एकदा जरी वही पाहत असते, तर कागदी ग्रंथालय एक वर्षही टिकले नसते.

आता पुन्हा त्या गावाकडे येतो. बाईंनी मला देवघेवीची वही दाखविली. मी नावे वाचीत गेलो आणि थांबलो. ओढ्यापलीकडच्या वस्तीतले एकही नाव नव्हते. अध्यक्षांना विचारले. ते आयुष्यभर समतेच्या विचाराने चाललेले गृहस्थ. त्यांना खरोखरच धक्का बसला. कोणाला कधी मज्जाव केलेला नव्हता. परंतु सभासद होण्यासाठी शंभर रुपये अनामत आणि एका जुन्या सभासदाची सही लागे. ज्या वस्तीतला कोणीच सभासद नाही, तिथल्या मुलाने सही कोणाची आणायची? पन्नास वर्षांपूर्वी पुस्तके हरवू नयेत म्हणून केलेला नियम न बोलता दाराशी उभा राहिला होता.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला. दोघांनी विरोध केला. पुस्तके परत आली नाहीत तर तपासणीत भरून कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. अखेर अठरा वर्षांखालील मुलांना अनामत व सही माफ, आणि गहाळ पुस्तकांसाठी वर्गणीतून वेगळी रक्कम, असे ठरले. पावसाळ्यापर्यंत वस्तीतली चौदा मुले सभासद झाली. तीन पुस्तके हरवली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, इतका स्वस्त सौदा मी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून माझे आपल्यापाशी मागणे थोडेच आहे. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातली दोन ग्रंथालये निवडावीत आणि वर्षातून चार वेळा, समारंभ नसताना, तेथे जावे. पाहुणा म्हणून जाऊ नये, सभासद होऊन जावे आणि वर्गणी भरावी. ग्रंथपालाशी आधी बोलावे, अध्यक्षाशी नंतर. वहीत कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, ते पाहावे. अनुदानाचा हप्ता कधी आला, ग्रंथपालाच्या हाती किती पडले, याची टिपणे ठेवावीत. जिल्ह्यातली टिपणे एकत्र केली तर विधिमंडळातल्या प्रश्नाला आधार मिळेल. शेजारच्या दोन ग्रंथालयांनी शंभर-शंभर पुस्तके सहा महिन्यांसाठी अदलाबदल केली, तर पैसा न लागता दोघांचा संग्रह ताजा होतो. बडोद्यात शतकापूर्वी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आपल्याकडे मोटारसायकली आहेत.

आणि एक पथ्य. ग्रंथालयात पक्षाचा झेंडा नेऊ नये. आपल्या विचाराची पुस्तके तेथे असावीत, तशीच विरोधी विचारांचीही असावीत. ज्या दिवशी ग्रंथालय आपल्या गटाचे कार्यालय होईल, त्या दिवशी गाव दुसऱ्या गटाचे वाचनालय काढील आणि दोन्ही ओस पडतील.

किल्लीचे काय झाले, असे आपण विचाराल. अध्यक्ष अजून आहेत आणि किल्ली त्यांच्याकडेच आहे. पण पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या त्या तीन मुलींपैकी एक आता कार्यकारी मंडळावर आहे. भरतीत तिची निवड झाली नाही. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा असे तिच्या मनात आहे. तो करून तिला दोन हजारांवर राबवायचे की तिला सन्मानाने जगता येईल असे वेतन मिळवून द्यायचे, हे त्या वृद्ध शिक्षकाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. त्याने गाडीच्या खिडकीशी मला विचारलेला प्रश्न म्हणूनच मी आज आपल्यापुढे ठेवला आहे.