समाचार दारातूनच घ्यावा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली आणि स्वतःचे शिक्षणही मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. तथापि आमच्या कुटुंबात घडलेल्या प्रसंगाने आम्हांस जे शिकविले, ते आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या पुतण्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. त्याच्या मातोश्रींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, आपले एक मूत्रपिंड त्यास दिले. शस्त्रक्रिया यशस्वी होऊन तो घरी आला. रीतीप्रमाणे आम्ही फळे घेऊन व पाच वर्षांच्या नातवाचा हात धरून समाचारास गेलो. नातवाच्या अंगात किंचित कसर होती; पण तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. सूनबाईंनी उंबरठ्यावरच हात जोडले. म्हणाल्या, "काका, रागावू नका, पण बाळाला बरे दिसत नाही. आज आत येऊ नये." आम्ही रागावलो. पाणीही न घेता परतलो आणि त्याच सायंकाळी एका लग्नात हा अपमान चारचौघांत बोलूनही दाखविला.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या अंगावर कांजिण्या उठल्या.

पुतण्यास लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या. आम्ही आत गेलो असतो तर काय झाले असते, हे पुढे त्याच्या डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले. आपले शरीर दक्ष गृहस्थासारखे असते. परका दिसला की ते त्यास हाकलते. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रतिरोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. म्हणूनच त्या शरीरास ते परके वाटले नाही. मातेचे मूत्रपिंड मात्र पुत्राच्या शरीरासही सर्वस्वी आपले वाटत नाही. यास्तव प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे नित्य घ्यावी लागतात. पहारेकऱ्यास गुंगी दिल्याने पाहुणा सुरक्षित राहतो खरा, परंतु चोरांसही वाट मोकळी होते.

हे चोर दोन प्रकारचे. काही घरातच दडलेले असतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे वसत असतो. निरोगी माणसास त्याचा पत्ताही नसतो. प्रतिरोपणानंतर तो जागा झाला, अथवा दात्याच्या अवयवातून आला, तर ताप येतो, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आतडी व फुप्फुसे यांस इजा पोहोचते. पहिल्या सहा महिन्यांत हे भय अधिक. त्यावर औषधे आहेत; पण वेळीच कळले पाहिजे. बीके नावाचा विषाणू तर नव्या मूत्रपिंडावरच घाला घालतो. तेव्हा दडपणारी औषधे कमी करावी लागतात आणि ती फार कमी झाली तर शरीर मूत्रपिंडच झिडकारते. म्हणून रक्ततपासणी चुकवू नये, साधा तापही डॉक्टरांस कळवावा आणि औषधांत आपल्या मनाने फेरफार करू नये.

दुसरे चोर बाहेरचे. सर्दी, इन्फ्लुएन्झा, कोविड, गोवर, कांजिण्या. यांस घरात नेणारे आपणच, आप्तइष्ट! समाचार घेणे हे आपल्या ज्ञातीचे भूषण आहे. ते आम्ही सोडा म्हणत नाही. परंतु आपणांस ताप-खोकला असता जाऊ नये, लहान मुलांस नेऊ नये, गर्दी करू नये, साबणाने हात धुवावे. घरच्या मंडळींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लशी टोचून घ्याव्यात. गोवर व कांजिण्यांच्या लशींत जिवंत विषाणू असल्याने त्या रोग्यास शस्त्रक्रियेनंतर सहसा देत नाहीत. याचा विचार आधीच करावा. मात्र या भयाने कोणी अवयवदानास पाठ फिरवू नये. पुतण्या आज आपल्या कामावर जातो, आणि वहिनी घर सांभाळतात.

सूनबाई याच सभागृहात बसल्या आहेत. जे आम्ही चारचौघांत बोललो, ते आज चारचौघांतच परत घेतो. त्या दिवशी त्यांनी आमचा अपमान केला नाही. आमच्या हातून घडणारा अनर्थ टाळला. सूनबाई, आम्हांस क्षमा करावी.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.