जात्यातला खडा

साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या का, एवढंच सांगायला मी आज आले आहे. “डॉक्टरबाई, खोकला तर गेला की,” असं म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडणारे मला नेहमी भेटतात. त्यातले काहीजण आत्ता ऐकत असतील, म्हणून मुद्दाम आले.

क्षयाचा जंतू हवेतून येतो, हे तुम्ही जाणताच. (तरीही घराघरांत रुग्णाचं ताट-वाटी वेगळं होतं आणि खिडक्या मात्र बंद! असो.) फुप्फुसाच्या तळच्या वायुकोशांत तो पोचला, की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर जंतूंचं पुढं पीठच होतं. भक्षक पेशी म्हणजे जातंच समजा. जंतू ज्या पिशवीत अडकतो तो खालचा दगड, पाचक रसांची पिशवी हा वरचा. एकावर एक बसले की दळण सुरू. क्षयाचा जंतू म्हणजे त्यात आलेला खडा. तो दगडावर दगड टेकूच देत नाही. त्या दोन पिशव्या एक होत नाहीत, आत पुरेसं आम्ल साठत नाही. वर याचं आवरण मेणचट, चिवट. जातं घरघरतंय आणि खडा शाबूत! बरं, नुसता बसत नाही, तिथंच वाढतो. सावकाश मात्र. एकाचे दोन व्हायला याला जवळजवळ वीस तास लागतात; पोटातले कित्येक जंतू ते काम वीस मिनिटांत उरकतात.

शरीर काही गप्प बसत नाही. पूर्वी जातं गुळगुळीत झालं, की टाकी लावणारे दारावर यायचे. छिन्नीचे घाव घालून दगड खरबरीत करून द्यायचे, मग पीठ पुन्हा बारीक पडायचं. इथं टाकी लावतात त्या टी-पेशी. काही आठवड्यांनी त्या पोचतात आणि इंटरफेरॉन सोडून भक्षक पेशींना जोर आणतात. पुष्कळ जंतू मरतात. उरलेल्यांभोवती पेशींचं कडं पडून गाठ बनते. म्हणून तर जंतू शिरलेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. उपासमार झाली, एचआयव्ही झाला, की टाकी लागायची थांबते. संधिवातावरची काही नवी इंजेक्शनं तर त्या गाठीचं कडंच सैल करतात; म्हणून ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

आणि फुप्फुसात पोकळी पडते ना, ती बरीचशी आपल्याच पेशींच्या झुंजीनं. एचआयव्ही फार बळावलेल्या रुग्णात अशा पोकळ्या उलट कमी दिसतात, कारण झुंजायला कुणी उरलेलं नसतं. पोकळी श्वासनळीत फुटली, की जंतू खोकल्याबरोबर बाहेर, दुसऱ्याच्या छातीकडे. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं.

पण गोळ्या! पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. भराभर वाढणारे जंतू त्यांनी मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, वजन चढतं, आणि माणूस म्हणतो, झालं! अहो, झालं कुठं? आयसोनियाझिड जंतूचं आवरण बांधायचं काम बंद पाडतं. जो निपचित पडलाय, नवं आवरण बांधतच नाही, त्याला त्याचं काय? तो कधीतरी हलेल, तेव्हा औषध रक्तात हवं. पुढचे चार महिने त्याच्यासाठी आहेत, तुमच्या खोकल्यासाठी नव्हेत. पुन्हा सांगते, खोकल्यासाठी नव्हेत. मध्येच सोडलंत तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि औषध अर्धवट, अनियमित मिळत गेलं की त्याला दाद न देणारेच निवडून मागे राहतात. मग सहा महिन्यांच्या जागी कितीतरी अवघड उपचार.

मद्रासला 1956 साली सुरू झालेल्या अभ्यासात दिसलं, की औषध नीट दिलं तर घरी राहूनही रुग्ण सॅनेटोरियममधल्या इतकाच बरा होतो. घरच्यांना जास्तीचा धोकाही होत नाही. तेव्हा माणसाला घराबाहेर काढू नका.

मधुमेहाचं राहिलंच. साखर चढलेली असली की टाकी नीट लागत नाही, क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी… स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. घरात कुणाच्या थुंकीत जंतू सापडले असतील आणि पाच वर्षांखालचं मूल असेल, तर ते खोकत नसलं तरी सरकारी दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधक औषध फुकट मिळतं. उद्याच जा.