उंची आणि पारख

सुरतेचा पारखी कच्च्या हिऱ्याच्या वजनावर भुलत नाही. पैलू पाडल्यावर काय उरेल, हे तो आधी पाहतो. बास्केटबॉलच्या सेंटरची पारखही अशीच व्हावयास हवी. पंजाबातील बल्लोके गावचा सतनामसिंग ७ फूट २ इंच उंच. महाविद्यालयात न खेळताच २०१५ साली डलास संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. हा मान मिळविणारा भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. तथापि एन. बी. ए.च्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. आजच्या खेळात सेंटरला बास्केटपासून दूर येऊन चपळ प्रतिस्पर्ध्याला अडवावे लागते. उंची निसर्ग देतो. पायांची चपळाई लहानपणापासून कमवावी लागते. हिऱ्याचा अंदाज चुकला तर पैसा बुडतो. मुलाचा चुकला तर उमेदीची वर्षे जातात.